पन गयं ते?

विमलमावशींनी माझ्या आईला सावरलं. हे आधी लिहिते, बाकीचं मागून. आठवीत माझी शाळा सुटली, आता तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात शिलाई करते. लिहिण्यात चुका होतील, पण हे राहून जायला नको.

नंदुरबारजवळच्या आमच्या रनाळ्यात मावशींची पिठाची चक्की आहे. दळण झालं की त्या चक्कीच्या तोंडाची कापडी पिशवी धपाधप झटकतात, स्वतः पांढऱ्याफेक होतात. तरी पीठ राहिलं का म्हणून बाया वाकून आत बघतातच. मावशी म्हणतात, "देखी ले माय, देखी ले! मूठभर पीठ चक्कीमा ऱ्हायनं ते बोंबलतस. पाच वरीस गाव पंचायतवालासना हातमा देतस, तव्हय कोनी वाकीसन देखत नही."

मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीला सत्तेतल्या पॅनलकडे दाखवायला एक अर्धवट खणलेली गटार होती. मग त्यांनी काही देऊ म्हटलंच नाही. आम्ही पडलो तर तुमचं काय जाईल, तेवढंच घरोघर सांगत सुटले. माझी आई विधवा, घरात एकटी, सरकारच्या निराधार योजनेच्या पैशांवर जगणारी. तिला त्यांचा एक कार्यकर्ता म्हणाला, "आम्ही पडनूत ते तुन्हं निराधारनं नाव कटी जाई." जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला. "बेटा, ते बंद व्हयनं ते मी काय खासू?" माझा डबा तसाच राहिला. इतक्या लांबून मी काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी तोच माणूस चक्कीवर आला आणि रांगेतल्या बायांना तेच सांगू लागला. मावशींनी बटण बंद केलं.

"दादा, हाई नाव तुन्हा बापनी चढाडेल व्हतं का?"

"मावशी, मी ते भलासाठे सांगी ऱ्हायनू."

"भलासाठे ना? मंग काय देशी ते सांग. काय जाई ते काय सांगस?"

बाया हसल्या. तो तोंड पाडून गेला. पण आईची भीती गेली नव्हती, म्हणून मावशी चक्कीला कुलूप लावून तिला एसटीने नंदुरबारच्या तहसील कचेरीत घेऊन गेल्या. "पंचायतीत कुणीही येवो, त्यावरून निराधारचं नाव कापलं जात नाही, बाई, आणि मत कुणाला दिलं ते तर आम्हाला कळतसुद्धा नाही," कारकून म्हणाला. जीव भांड्यात पडून आई तिथेच रडली.

मावशींनी हे प्रत्येक दळणाला सांगितलं. बाया माना डोलवायच्या आणि डबा उचलताना हळूच म्हणायच्या, "खरं शे मावशी, पन गयं ते?" खरं आहे, पण गेलं तर?

याच तीन शब्दांवर ते निवडून आले. गटार अजून उघडीच आहे. मला राग बायांचा येत नाही. ज्याच्या हातात थोडंच असतं तो मूठ घट्ट धरतो, हे ओळखून तीच मूठ पिरगाळणाऱ्यांचा येतो. पैसे सरकारचे, हक्क आईचा, आणि धमकी यांची! वर निवडून आल्यावर यांनी पसरवलं की विमलच्या चक्कीवर जाणाऱ्यांची कामं अडतील. अर्धी गिऱ्हाइकं तुटली. तिथेही तेच, पन गयं ते?

आईचे निराधारचे पैसे मात्र पहिल्यासारखेच येतात. मत आपल्या मनाने दे, असं मावशी म्हणाल्या होत्या, आणि आईने तसंच दिलं होतं. आता ती भर दुपारी, चौकातून, डोक्यावर डबा घेऊन मावशींकडेच जाते. गिऱ्हाइकं तुटल्याचं वाईट वाटतं असं मी फोनवर मावशींना म्हटलं तर त्या म्हणाल्या, "तुन्ही माय येस ना? मंग चक्की चालूच शे."

मावशी, पुढच्या निवडणुकीला तुम्हीच उभ्या राहा. मी सुट्टी काढून येईन. तुम्ही दारोदार फिराल तेव्हा चक्की मी चालवीन, आणि पिशवी झटकताना कुणाचं मूठभर पीठही आत राहू देणार नाही.