स्वीट सिंड्रोम आणि बसमधली खिडकी

ग्रुपवरच्या मंडळींनो, आज मला माझीच लाज वाटली, म्हणून लिहून राहिलो.

तीन आठवड्यांनी आज ड्यूटीवर निघालो. ताप गेला, पण मानेवर आणि हातांवर लाल, दुखऱ्या गाठी अजून आहेत. डॉक्टर म्हणाले, याला स्वीट सिंड्रोम म्हणतात, फार कमी लोकांना होतो. आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही कारण नसताना त्वचेत घुसून दंगा करतात. एकाचा दुसऱ्याला अजिबात होत नाही. हे सगळ्यांना समजावून माझा घसा बसला.

सकाळी रांझीहून खमरियाच्या फॅक्टरीकडे जाणाऱ्या बसमध्ये चढलो. माझे हात पाहून लोक पटापट सरकले. वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा खिडकी मिळाली, शेजारची सीटही रिकामी! समजावायला तोंड उघडलं होतं, पण गार हवा लागली आणि मिटून घेतलं. वरून शेजारी डबा ठेवला, ऐसपैस.

तेवढ्यात आमच्या सेक्शनचे दुबेजी चढले. डबा उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि बसले.

"दुबेजी, जरा दूर बैठिए, मेरे को..."

"छूत का थोड़ी है, भैया! आपने ही तो फोन पे आधा घंटा समझाया," ते अख्ख्या बसला ऐकू जाईल असं बोलले.

लगेच तिसरा माणूसही आमच्याच सीटवर टेकला. दुबेजींचं कोपर नेमकं माझ्या गाठीवर.

तीन आठवडे रडत होतो, माझा आजार कोणी समजूनच घेत नाही म्हणून. आज एकानं घेतला, तर मला एवढा राग काहून आला?