साहेबाचे आखडलेले पाय

पेशवाईच्या अखेरीस संगमावरच्या एका इंग्रज साहेबाला मी मराठी शिकवायला जात असे. रोज मी त्याला दोन शब्द द्यायचे आणि त्याने मला दोन, असा आमचा ठराव होता. एका सकाळी त्याला खुर्ची सोडून माझ्यासारखी मांडी घालायची हौस आली. घट्ट तुमान घालून मांडी! घटकाभराने उठायला गेला तर पाय आखडलेले. कोलमडला आणि त्याने माझ्यापुढे हात केला.

साहेबाला शिवले की अंघोळ आलीच, आणि दिवस पौषातले. मी आपली काठी पुढे केली. तिला धरून तो कसाबसा उभा राहिला आणि हसत सुटला.

"शास्त्रीबुवा, पायांचे असे झाले की आम्ही 'स्टिफन' म्हणतो. लिहा."

मी लिहिले.

"दुसरा शब्द 'हार्डन'."

"हेही पायांचेच होते का?"

"छे," पोटऱ्या चोळत साहेब म्हणाला. "काठी पुढे करणाऱ्याच्या काळजाचे."

तो शब्द काही मी लिहून घेतला नाही. लक्षात मात्र तोच राहिला.