पनवेलला दोन पिस्तुलं घेऊन

चिपळूणच्या स्टँडवर गाडी सुटता सुटता कंडक्टरनं माझ्या मांडीवरची काळी पेटी पाहिली आणि विचारलं, "काकू, बाजाची पेटी काय?"

"नाही हो, पिस्तूल आहे. दोन आहेत."

तो मनमुराद हसला आणि पुढच्या सीटकडे वळला. खरं सांगितलं की लोक हसतात आणि सोडून देतात, हा माझा जुना अनुभव आहे. अर्थात ही पिस्तुलं हवेच्या दाबावर चालणारी, छऱ्याची. दहा मीटरवरच्या लक्ष्यावर एका हातानं नेम धरायचा, साठ छर्रे मारायचे आणि ते सव्वा तासात संपवायचे, असा आमचा खेळ. त्रेपन्नाव्या वर्षी हा खेळ खेळणारी पिठाच्या गिरणीची मालकीण चिपळुणात मी एकटीच असेन.

मुलीला नेमबाजीच्या क्लबवरून आणायला जात असे, तिथे हा नाद लागला. मुलगी दोन महिन्यांत कंटाळली, मी मात्र चिकटले. वीस-वीस किलोचे डबे उचलून दंड तयारच होते, त्यामुळे क्लबमधलं सगळ्यात जड पिस्तूल मी पहिल्यापासून वापरत आले. किलोच्या वर वजन. जड वस्तू हातात स्थिर राहते, बारीक थरथर तिच्यात मुरून जाते. कॉलेजातल्या मुलींना ते पेलत नाही आणि मला पेलतं, याचा मला केवढा तोरा होता.

तरीही राज्य स्पर्धेच्या पात्रतेचा आकडा दर वर्षी दोन-चार गुणांनी हुकत होता. यंदा क्लबनं एक हलकं पिस्तूल आणलं. अध्यक्ष साठेकाकांनी दोन्ही एकाच पेटीत घालून माझ्या हवाली केली. "पनवेलला काझीसर आहेत. दोन दिवस आधी जा, त्यांच्यासमोर दोन्ही मार, आणि रविवारी तिथली पात्रतेची मॅच कशानं खेळायची ते ठरव," म्हणाले. मी मान डोलावली, पण माझं ठरलेलंच होतं. शिवाय घरी मी जरा जास्तच बोलून बसले होते, की यंदा नाही जमलं तर पिस्तूल क्लबला परत करीन आणि पुन्हा नाव काढणार नाही. नवऱ्यानं ते लक्षात ठेवलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

वडखळ, पेण मागे पडलं तसं रस्त्याच्या कडेला पोह्याच्या पापडांचे आणि मिरगुंडांचे (उडदाच्या जाड पापड्यांचे) स्टॉल लागले. डावीकडे-उजवीकडे जिथे म्हणून भात पिकत होता तिथे आता गोदामं आणि इमारतींच्या जाहिराती. कर्नाळ्याचा सुळका तेवढा आहे तिथे आहे. पनवेल स्टँडवर उतरले तर रिक्षावाल्यांनी घेरलंच. नवीन पनवेलला येणारा एक तरुण मिळाला, त्यानंही पेटीबद्दल विचारलंच.

"पिस्तूल. नेमबाजीची स्पर्धा आहे."

त्यानं आरशातून मला नीट निरखलं. "तुमी मारता? आमची आय पन मारतं, पन तोंडानं. तिचा नेम चुकत नाय."

या माणसानं बोलण्याच्या भरात मला चुकीच्या सेक्टरमध्ये उतरवलं. इथल्या इमारती एका छापाच्या, पाट्या पुसट. पेटी एका हातात, पिशवी दुसऱ्या हातात, अशी मी तीन गल्ल्या फिरले तेव्हा कुठे विजू वन्संचं घर सापडलं. विजू वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. पंचवीस वर्षं इथे राहतात, आणि अजून चिपळूणचा कोळंबीचा भाव त्यांना माझ्याआधी कळतो.

"सुलभा, घामाघूम झालीस. त्यात काय दगड भरलेत?"

"तुमच्या भावानं नाही आणलं म्हणून मीच उचललं," मी म्हटलं. त्या हसल्या आणि पाणी घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरढोणच्या अलीकडे, महामार्गापासून आत, एका पत्र्याच्या लांब शेडमध्ये काझीसरांचं रेंज गाठलं. सर सत्तरीचे, दाढी पांढरी, अंगात इस्त्रीचा शर्ट. आयुष्यभर जहाजावर होते, निवृत्तीनंतर हे मांडलं. खुद्द सरांचं पिस्तूल माझ्या पिस्तुलाहून जड होतं. ते पाहून मला फार बरं वाटलं.

"आज तुमचं जड पिस्तूल. पुरे साठ. मी काही बोलणार नाही," ते म्हणाले आणि माझ्या मागे खुर्ची टाकून बसले.

पहिले दहा छर्रे असे गेले की मी मागे वळून त्यांच्याकडे बघितलंही. दहा, नऊ, दहा, दहा. पुढच्या दहांची दुसरी फेरीही बरी. चौथ्या फेरीपासून खांद्यात मुंग्या आल्या आणि सहाव्या फेरीत सात दिसले, एक सहाही दिसला. बसचा शीण असेल, वन्संकडची गादी मऊ आहे, चहा दोनदा झाला, अशी कारणं मी भराभर सांगून टाकली. सरांनी सगळी ऐकून घेतली.

"बाई, एक विचारू? साठ वेळा पिस्तूल उचललंत. किती वेळा न मारता खाली ठेवलंत?"

मी आठवून पाहिलं. "एकदाही नाही."

"मी तेच बघत होतो. नेम बिघडला, हात हलला, तुम्हाला कळलंसुद्धा. तरी मारलंत. का?"

आता याचं उत्तर मला चांगलं ठाऊक होतं, पण ते असं कुणी विचारलं नव्हतं. आमच्या धंद्यात दळण एकदा वरच्या चाडीत ओतलं की अर्ध्यात थांबवत नाहीत. थांबवलं तर जातं घसटतं, पीठ जाडंभरडं येतं, गिऱ्हाईक ओरडतं. ओतलं म्हणजे दळायचं. त्यात आम्ही कोकणातली माणसं. किलोभर लोखंड एवढ्या कष्टानं डोळ्यांच्या रेषेत आणायचं आणि काही न करता खाली ठेवायचं, म्हणजे केलेली मेहनत पाण्यात. माझ्यानं ते होत नव्हतं. मी सरांना सगळं सांगितलं, गिरणीसकट.

ते हसले नाहीत. "तुमच्यात ताकद आहे, माशाल्ला. पण या खेळात सब्र लागतो, धीर. नको असलेली गोळी मारायची नाही, हाच निम्मा खेळ."

"मग मी जडच घेऊन खाली ठेवायला शिकते की."

"शिका. आत्ता बघा करून. दर दोन गोळ्यांनंतर एकदा उचला, नेम धरा, ठेवा."

मी हट्टानं केलं. दुपार व्हायच्या आत माझा दंड दगड झाला आणि पुढचं टोक आपोआप खाली झुकायला लागलं. मी पेटी दाणकन बंद केली आणि वन्संकडे निघाले. राग कुणाचा आला होता हे मला सांगता आलं नसतं, पण चांगला आला होता.

वन्संनी माझ्यासाठी खास जिताडा (खाडीत मिळणारा, इथल्या लोकांचा जीव की प्राण असलेला मासा) आणला होता. भाकरी, जिताड्याचं कालवण, तळलेले तुकडे. मी रागाच्या भरात जेवले आणि रागानं जेवते तेव्हा मी फार जेवते. कढईत शेवटचा एक तुकडा उरला. पोट गच्च भरलं होतं, तरी हात तिकडे गेलाच.

"राहू दे की," वन्सं म्हणाल्या. "नको असताना कशाला खातेस? लग्न होऊन आलीस तेव्हापासून बघते, पुढ्यात आलेलं तू कधी सोडलं नाहीस. माझ्या भावालासुद्धा नाही."

त्यांनी हे नेहमीच्या चेष्टेत म्हटलं. मला मात्र शेडमधली खुर्ची आठवली. मी हात आखडता घेतला, तुकडा वाटीत काढला, झाकण ठेवलं आणि फ्रिजमध्ये ठेवून आले. वन्सं बघतच राहिल्या. मला तब्येतीचं काही झालं की काय, अशी त्यांना शंका आली.

शनिवारी मी हलकं पिस्तूल बाहेर काढलं. हातात घेतलं तर लाटणं धरल्यासारखं वाटलं. समोरची माशी (नळीच्या टोकाचा नेमाचा उंचवटा) काळ्या वर्तुळाखाली नुसती नाचत होती. पहिल्या दहात एकही दहा नाही. पण उचलायला कष्ट पडत नव्हते, त्यामुळे ठेवायलाही काही वाटत नव्हतं. पाचव्या-सहाव्या वेळी नेम बिघडल्यावर मी ते खाली ठेवलं, श्वास घेतला, पुन्हा उचललं. मला चक्क मजा वाटायला लागली. शेवटच्या फेरीतले माझे छर्रे पहिल्या फेरीपेक्षा चांगले गेले. असं माझ्या आयुष्यात पूर्वी कधी झालं नव्हतं.

"जड पिस्तूल वाईट असतं का, सर?" मी विचारलं.

"मी जडच वापरतो ना. ज्याला खाली ठेवता येतं, त्याला चालतं. तुम्हाला येईल तेव्हा घ्या."

रविवारी स्पर्धा याच शेडमध्ये. वन्सं जरीच्या काठाची साडी नेसून प्रेक्षकांत बसल्या होत्या, आणि शेजारच्या बाईला मी कोण हे एव्हाना दोनदा सांगून झालं होतं. पिस्तुलं तपासणाऱ्या माणसानं माझं हलकं पिस्तूल वजनकाट्यावर ठेवलं, चापाला वजन लटकवून पाहिलं आणि पास केलं. जड पिस्तूल पेटीत तसंच राहिलं.

सुरुवात मध्यम झाली. माझ्या उजवीकडची मुलगी पहिल्या फेरीत माझ्या कितीतरी पुढे होती आणि जुनी सुलभा असती तर तिथेच पेटली असती. मी ठेवत गेले. उचल, नाही, ठेव. उचल, ठीक आहे, मार. पाचव्या फेरीपर्यंत मी गाडी बरोबर रुळावर आणली होती. सहाव्या फेरीत एक आठ निसटला. गिरणीवालीला तोंडी हिशेब येतो, हा या खेळात शाप आहे. शेवटचा छर्रा उरला तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं की पात्र व्हायला नऊ तरी हवा.

उचललं. माशी डावीकडे सरकली. ठेवलं. पडद्यावरचं घड्याळ उलटं धावत होतं. पुन्हा उचललं, नेम जवळजवळ बसला, बोट दाबायला निघालं आणि मनगटात काहीतरी हललं. ठेवलं. मागे वन्संचा "अगं बाई" असा बारीक आवाज आला. बाकीच्या सगळ्यांचे छर्रे संपले होते आणि शेडमध्ये मी एकटीच उभी होते. भीती वाटत होती, ते मी लपवत नाही. पण दंडात अजून जोर होता आणि तो कशामुळे शिल्लक होता हेही मला कळत होतं. तिसऱ्यांदा उचललं. माशी येऊन थांबली. मारलं.

दहा होता.

काझीसर पुढे आले आणि म्हणाले, "मुबारक. दोन वेळा ठेवलंत ना, ते मी मोजलं." छऱ्याबद्दल ते काही बोलले नाहीत. वन्संनी तिथेच माझी दृष्ट काढली, हातात मीठमोहऱ्या नव्हत्या तरी.

सोमवारी त्याच रस्त्यानं परत निघाले. पेणला गाडी थांबली तेव्हा मिरगुंडं घेतली, वन्संनी डब्यात घालून दिलेला तो जिताड्याचा तुकडा खाल्ला. त्या दिवशीपेक्षा चवीला चांगला लागला. पनवेलहून मी शक्ती वाढवून आणली नाही, होती ती वाया जाऊ नये एवढंच शिकून आले. मोठ्या शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात असं माझं वय झालंय, पण माझ्याकडे सांगण्यासारखी ही एकच आहे.

संध्याकाळी घरी न जाता आधी क्लबवर गेले. साठेकाकांनी पेढा तोंडात घातला. "आता दोन्ही राहू देत तुझ्याकडे, जडाची सवय आहे तुला," म्हणाले. मी जड पिस्तूल पेटीतून काढलं, एकदा डोळ्यांच्या रेषेत उचललं. हात अजिबात हलला नाही, नेम अगदी सुरेख बसला होता. मग ते खाली आणलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं.

घरी आल्यावर नवऱ्यानं पहिला प्रश्न विचारला तो हाच, "काय, केलंस का पिस्तूल परत?"

"केलं," मी म्हटलं, आणि पेटी उघडून त्याच्यासमोर ठेवली.