सहावा भाग

जेसल पार्कातल्या आमच्या वाचनालयाच्या मावशी मूळच्या उत्तनच्या. ड्रॅगन आणि राजघराण्यांची ती दहा भागांची कादंबरी त्यांच्याकडून सगळेच नेतात आणि परत करताना काउंटरवर भांडतात. रिटायर झालेले एक काका म्हणतात, "नुसतं पाणी घातलंय हो, एकेक मेजवानी काही संपतच नाही!" मावशी म्हणतात, "बरोबर हाय." मागून कॉलेजची पोरगी म्हणते, "असलं भारी दुसरं काही वाचलंच नाही." तिलाही, "बरोबर हाय." मला चीड यायची. माणसाला स्वतःचं मत नको?

एकदा मी म्हणाले, "मावशी, बाबा आयसीयूत आहेत, बाहेर बसून वेळ जात नाही. सहावा भाग द्या."

"न्हाय," मावशी म्हणाल्या. तो त्यांच्या कोपराखालीच होता. त्यांनी मला जुना विनोदी दिवाळी अंक दिला.

बाबा बरे होऊन घरी आल्यावर तो भाग मावशींनी मी न मागताच पुढे सरकवला. त्यात राजकन्येचा बाप आजारपणात मरतो, आणि ती वेळेवर पोहोचत नाही.

परत करताना मी म्हणाले, "फार लांबण लावलंय हो."

माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघून मावशी म्हणाल्या, "बरोबर हाय गो बाय."