गुरुजींची कवळी
रेझिनचा उग्र वास आला, की परभणीतल्या दातांच्या दवाखान्यातली माझी पहिली नोकरी आठवते. तिथं मी कवळ्या छापायचं यंत्र सांभाळायची. त्यातल्या नखाएवढ्या चिपवर लाखो बारीक, हलणारे आरसे होते; त्यांच्यावरून परतलेल्या अतिनील प्रकाशानं पातळ रेझिन थराथरानं घट्ट होऊन कवळी तयार व्हायची. एकदा झरी गावचे निवृत्त गुरुजी आले. दुसऱ्या दिवशी नातीच्या लग्नात त्यांना बोलायचं होतं अन् कवळी सकाळीच तुटली होती. डॉक्टर मला म्हणाले, "प्रकाश वाढव, दुपारपर्यंत होईल." मी म्हणाले, "ठरलेल्या मर्यादेच्या वर न्हाई नेणार, सर. आरसे तापून अडकले तर चिप जाईल अन् कवळी अर्धीच राहील." "दवाखाना माझा आहे!" ते ओरडले. मी यंत्रापुढून हलले नाही. तोंडावर रुमाल धरून गुरुजी बोबडं बोलले, "पोरीला करू द्या. मी थांबतो हितंच." डॉक्टर तणतणत आत गेले. संध्याकाळी नवी कवळी बसली, तशी गुरुजींनी खुर्चीतच "त, थ, द, ध, न" खणखणीत म्हणून दाखवलं. डॉक्टरही हसले, मला मात्र रडू आलं. आज माझी स्वतःची लॅब आहे. घाईच्या कामात हाताखालची एखादी मुलगी 'नाही' म्हणाली, की मी आधी राग गिळते अन् मग तिचं ऐकते.