वाफ्याभोवतीचे गोटे

आधीच सांगून ठेवते, भूतखेत, अंगात येणं असल्या भानगडींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. शेजारणीच्या अंगात यायचं तेव्हा मी तोंडाला पदर लावून खुशाल हसायची. पण हे माझ्या सख्ख्या आईच्या बाबतीत झालं, आणि मी तिच्या शेजारी उभी होते... आता बोला!

आम्ही ग्वाल्हेरचे. लष्कर नावाच्या भागात, दौलतगंजात राहायचो. दादा — म्हणजे माझे वडील — सरकारी कचेरीत हेडक्लार्क. रियासत गेली, मध्य भारत झाला, मग तोही मोडून नवं राज्य केलं आणि कचेऱ्या उचलून भोपाळला नेल्या. कचेरीबरोबर आम्हीही. दादांना कोणी विचारलं थोडंच!

आईचा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकला होता. माझ्या आधी तिला मुलगा झाला होता, तो बारशाआधीच गेला. इतक्या लहान जिवाला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. गावाबाहेर जुन्या मराठा सरदारांच्या समाध्यांचं मोठं आवार होतं. त्याच्या मागच्या कोपऱ्यात आमची माणसं अशी बाळं पुरायची आणि वर नदीतला एक गोटा ठेवायची. नावच नाही, तर कोरणार काय? आई दर वर्षी तिथे वाटीभर दूध ओतून यायची. ग्वाल्हेर सोडण्याआधी तिला एकदा शेवटचं जायचं होतं.

भर दुपारी टांग्याने गेलो. फाटकावर नवा बोर्ड... खुलं संग्रहालय! कुठल्याशा खात्याने आवार ताब्यात घेतलं होतं. सरदारांच्या समाध्यांवरच्या दगडी छत्र्या धुऊन-पुसून लख्ख केलेल्या. आणि मागचा कोपरा? सपाट. हिरवंगार गवत. बाळांचे ते गोटे चुना फासून फुलझाडांच्या वाफ्यांभोवती ओळीने लावलेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भैया, ये पत्थर यहाँ किसने लगाए?" मी चौकीदाराला विचारलं.

"साहब का हुकुम था, बहनजी. फालतू पड़े थे."

फालतू! आई दुधाची वाटी सांभाळत गवतावरून चालत सुटली.

"अगं आई, कुठे जातेस? खूणच नाही राहिली."

"बघते," एवढंच म्हणाली.

मधेच एका जागी ती थबकली. ना झाड, ना दगड, नुसतं गवत. तिने गपकन पदर छातीशी धरला. "सुमे... हे काय होऊन राहिलं आहे गं?"

मी पदर बाजूला केला. पोलकं ओलं झालं होतं, दोन्हीकडे. हातातली वाटी काठोकाठ तशीच, थेंबही सांडला नव्हता. आणि तान्ह्या बाळाच्या आईला येतो ना, तसा दुधाचा गोडसर वास. आईची पन्नाशी आलेली, पाळी जाऊन वर्षं लोटलेली...

"इथेच आहे तो," म्हणत ती खाली बसली आणि गवत हळूहळू थोपटायला लागली.

चौकीदार धावत आला. "माताजी, घास पर बैठना मना है!"

"उसका बच्चा है नीचे!" मी किंचाळले.

"यहाँ बच्चे-वच्चे कोई नहीं हैं," तो म्हणाला. "देख लो, साहब ने बोर्ड पर सब लिखवा दिया है."

खरंच लिहिलं होतं हो. सरदारांची नावं, लढाया, छत्रीचा दगड कुठून आणला तेसुद्धा. बाळांबद्दल एक अक्षर नाही. आईने वाटी तिथेच ओतली आणि उठली. टांग्यात बसेपर्यंत पोलकं वाळायला लागलं होतं. भोपाळला डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, या वयात असं होणं शक्यच नाही, घामच असेल. मला घाम आणि दूध कळत नाही की काय!

आई गेल्यावर मी एकदा ग्वाल्हेरला गेले होते. आता तिथे फरशीच्या वाटा आहेत, बाकं आहेत, लोक शेंगा खात बसलेले असतात. मी सगळ्या गवतावरून फिरले... काही झालं नाही. माझ्या अंगाला काय कळणार?

त्या दुपारचं कारण मला आजही सांगता येत नाही. आणि खरं सांगू, आता ती जागाही सांगता येत नाही. ती फक्त आईला कळली होती.