आज्याने रद्द केलेला दाखला

दहावीचा निकाल लागून पंधरा दिवस झाले होते, तेव्हा मी गाव सोडलं. आमगावच्या फलाटावर आई तांदळाच्या पोत्यावर बसली होती, मी बॅगेवर, आणि माझा आजा, म्हणजे बाबांचे वडील, उभा. बसा म्हटलं तरी तो बसला नाही. गाडी यायची घोषणा झाली तशी त्याने पिशवीतून एक प्लास्टिकची फाईल काढून माझ्या हातात दिली. "बॅगेत नको टाकू," म्हणाला, "हातात धर." आत एकच कागद होता, कडक लॅमिनेशन केलेला. माझा डोमिसाईलचा दाखला. मी महाराष्ट्राची रहिवासी आहे असं त्यावर लिहिलेलं होतं.

आजा म्हणाला, "हे असलं ना माय, तं सरकारी कॉलेजची सीट तुले कोनीच नाई म्हनू शकत नाई."

आजा गावचा कोतवाल होता. जन्मभर त्याने तहसीलचे कागद सायकलवरून गावात आणले आणि गावाचे तहसीलला नेले. लोकांच्या घरी दाखला पोचवायचा तर तो आधी हात पुसायचा. माझा दाखला मात्र त्याने स्वतः अर्ज करून काढला होता, कारण मी लहान आणि बाबा भिलाईला. लॅमिनेशनही त्याच्याच डोक्यातून आलेलं. पावसापाण्याचं खराब होऊ नये म्हणून.

आमगाव ते भिलाई, पॅसेंजरने अडीच-तीन तास. दरेकसा, मग जंगल, बोगदा, बोरतलाव आलं की छत्तीसगड लागलं. आपण दुसऱ्या राज्यात आलो हे मला पाट्यांवरूनही कळलं नाही. गाडीतली माणसं तीच होती, फक्त 'का करून राहिले' म्हणणारे उतरत गेले आणि 'का करत हस' म्हणणारे चढत गेले. बोगदा ओलांडताना माझ्या मांडीवरच्या त्या कागदाचं अर्धं वजन कमी झालं होतं, हे त्या डब्यात कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही.

ते असं, की महाराष्ट्राच्या कोट्यातून मेडिकलला जायचं तर दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. दहावी माझी गावची. बारावी मी भिलाईत करायला निघाले होते. का, तर बाबा तिथे होते आणि भिलाईत कोचिंग चांगलं, असं सगळेच म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. आम्ही फक्त महाराष्ट्राच्या बाजूने नियम वाचला नाही.

बाबा भिलाईतल्या खुर्सीपारला एका खोलीत राहायचे. स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला, वीसेक वर्षं झालेली. रेशनकार्ड तिथलं, मतदान तिथलं. दिवाळीला गावी आले की ते पाहुण्यासारखे खुर्चीत बसत आणि मधूनमधून हिंदीत बोलून जात. आता आम्ही दोघी त्यांच्या खोलीत आलो. शेजारी एका बाजूला तेलुगू, दुसऱ्या बाजूला भोजपुरी. आई पहिले सहा महिने खुणांनी भाजी घ्यायची. मी सेक्टर दोनच्या बाजूला शाळेत आणि तिथूनच कोचिंगला जायचे. गावात मी पेशीतली तंतुकणिका शिकले होते. शाळेतले सर तिला सूत्रकणिका म्हणायचे आणि कोचिंगमधले माइटोकॉन्ड्रिया. तिन्ही नावं एकाच गोष्टीची आहेत हे कळायला मला एक टेस्ट घालवावी लागली.

त्या वर्षांचं मला फारसं आठवत नाही. ती वाईट नव्हती. पाय दुमडून बराच वेळ बसलं की तो आपला वाटेनासा होतो ना, तशी मी होत गेले. मार्क कमी आले तर रडू यायचं नाही, वाढले तर हसू यायचं नाही. पहिल्या वर्षी मेडिकलच्या 'नीट' परीक्षेत मागे राहिले. एक वर्ष ड्रॉप घेतला. दुसऱ्या वर्षी मार्क आले, छत्तीसगडच्या कोट्यातून सरकारी सीट मिळेल इतके. आईने गल्लीत पेढे वाटले. मी जेवून झोपले.

मग फॉर्म भरायला च्वाइस सेंटरला, म्हणजे तिकडच्या सेतू केंद्रात, गेलो. मी ती फाईल घेऊन गेले होते, आज्याची. तिथल्या ऑपरेटरने दाखला उलटासुलटा पाहिला आणि माझ्याकडे बघत विचारलं, "मैडम, आप हैं कहाँ की?"

महाराष्ट्राच्या कोट्याला माझी बारावी चालत नव्हती. छत्तीसगडच्या कोट्याला इथला निवासी दाखला हवा. बाबांच्या इतक्या वर्षांच्या राहण्यावर तो मिळत होता, पण अर्जात एक ओळ होती: मी दुसऱ्या कोणत्याही राज्यातून असा दाखला घेतलेला नाही. त्याखाली सही.

ऑपरेटर म्हणाला, टिक करून टाका, कोण बघतंय. आणि खरंच, कोण बघणार होतं? पण बाबांनी माउसवरचा त्याचा हात धरला. एरवी सुपरवायझरपुढे मान वर न करणारा माणूस. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "झूठ लिहून डॉक्टर बनशील का? कल कोनी खोदून काढलं तं सीट बी जाईल अन् इज्जत बी. पहिले तिकडचा कॅन्सल करू."

तिकडचा रद्द करायचा तर अर्जदाराची सही हवी. अर्जदार आजा होता. आणि शेवटच्या तारखेला पाच दिवस उरले होते.

फोनवर सांगायची बाबांची हिंमत झाली नाही, म्हणून आम्ही गेलोच. आजा पडवीत बसून सुपारी कातरत होता. बाबांनी सगळं नीट समजावलं, कोटा, बारावी, ती ओळ. आजा सुपारी कातरतच ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हंजे आपली पोरगी प्रणाली इथली नाई, असं मी लिहून द्याचं?"

"फक्त कागदावर," बाबा म्हणाले.

"कागदावर म्हंजे का फक्त असते? जिंदगीभर कागदच वाह्यले मी."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखा मोजत होते. आज सोमवार, उद्या मंगळवार, बुधवारी परत भिलाई, गुरुवारी छत्तीसगडचा दाखला निघाला तर शुक्रवार हातात. आज्याचा चेहरा मी त्या दिवशी पाहिलाच नाही. पाहिला असता तर काय केलं असतं हेही सांगता येत नाही. सीट हवी होती. तिच्यासाठी मी तेव्हा काहीही लिहून दिलं असतं, आणि इथे तर लिहायचंही दुसऱ्या कुणीतरी होतं.

सकाळी आजा धुतलेलं धोतर नेसून आमच्या आधी तयार होता. तहसीलमधले लोक त्याला अजून कोतवाल काका म्हणायचे. क्लार्क भला माणूस होता, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मूळ दाखल्यावर शिक्का मारावा लागते काका. पन लॅमिनेशनवर शाईच बसत नाही. हे काढून आना."

आजा बाहेरच्या बाकावर बसला. खिशातून अडकित्ता काढला आणि प्लास्टिकची कड कापली. मग नखाने हळूहळू सोलायला लागला. मी करते म्हटलं, तर हात बाजूला केला. प्लास्टिक निघालं, पण कागदाचा वरचा पापुद्रा घेऊन. माझ्या नावातली दोन अक्षरं प्लास्टिकला चिकटून आली. आज्याने ते प्लास्टिक उजेडात धरून पाहिलं, घडी केली आणि खिशात ठेवलं.

अर्ज त्याने स्वतःच्या हाताने लिहिला. विनंती अर्ज कसा लिहितात हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. 'माझी नात ही' इथपर्यंत भराभर आला आणि थांबला. पेन तसंच धरून मला विचारलं, "पोरी, कायमची लिहू का?"

मी म्हटलं, "लिहा."

'माझी नात ही कायमची छत्तीसगड राज्यात राहावयास गेली असल्याने.' त्याखाली सही. क्लार्कने नंबर जुळवला, आडवा शिक्का मारला. रद्द.

शुक्रवारी भिलाईचा दाखला हातात आला. सीट मिळाली. कॉलेजच्या यादीत माझ्या नावासमोर 'छत्तीसगड' लिहून आलं, तेव्हा आई रडली आणि बाबा ड्यूटीवर गेले. मला काही वाटलं नाही. लोक विचारतात, तेव्हा कसं वाटलं. मी म्हणते, छान वाटलं. इतकी वर्षं तेच म्हणत आले आहे.

आता डिग्री हातात आहे आणि सरकारी सीटवर शिकल्याचा ग्रामीण सेवेचा बाँड फेडते आहे. खेड्यातल्या आरोग्य केंद्रात बसते. ज्या खेड्यातून निघायला इतकी खटपट केली तसंच हेही एक, फक्त बोगद्याच्या या बाजूचं. बाया विचारतात, "कहाँ के हस, मैडम?" मी म्हणते, भिलाई. पटकन येतं तोंडात, विचार करावा लागत नाही.

आमच्या गावच्या मुली फोन करतात. ताई, अकरावी कुठं करू? भिलाईले येऊ का? मी त्यांना सांगते, जिथे दहावी तिथेच बारावी करा. कोचिंग आता मोबाईलवरही मिळतं. दाखला एकाच राज्याचा काढा, त्याला लॅमिनेशन करू नका, आणि सही करण्याआधी वरची ओळ वाचा. माझ्यासारखं दोन राज्यांच्या मध्ये लटकू नका. त्या लिहून घेतात. एवढं मी बरोबर सांगते. पण यापुढचं कुणाला सांगितलेलं नाही, ते इथे लिहिते.

कॉलेजला लागल्यावरच्या पहिल्या दिवाळीला मी एकटी गावी गेले. दोन दिवस राहिले. आजा चांगला बोलला, माझं आयकार्ड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाचलं. निघायच्या दिवशी आज्याजवळ राहणारी माझी काकू बॅगेत चिवडा भरत होती, आणि आजा पडवीतून म्हणाला, "सूनबाई, तिची ओटी भर."

काकूला हसू आलं. "अजी मामाजी, लगन नाई झालं पोरीचं. कुवारीची ओटी कोन भरते?"

"लगन नाई झालं," आजा म्हणाला. "पन दिली ना. मीच सही करून दिली."

काकूचं हसू गेलं. ती आत जाऊन सूप घेऊन आली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, घरात होता तो एक ब्लाउजपीस. मी जीन्सवर होते. ओढणीचा पदर करून पुढे धरला आणि काकूने ओंजळीने तांदूळ घातले. आजा पाहत उभा होता. मी त्याच्या पाया पडले, तर पोरीबाळींना सासरी पाठवताना म्हणतात तसं म्हणाला, "सुखी राह्य. येत जाय."

गाडीत ती गाठ मी मांडीवर घेऊन बसले होते. बोगदा गेला, बोरतलाव गेलं. मला वाटलं, आता तरी रडू येईल. आलं नाही. खुर्सीपारला आईने गाठ पाहिली, विचारलं, "हे कोनं भरली?" मी सांगितलं. ती तशीच गाठीवर हात ठेवून खाली बसली.

त्यानंतर मी जेव्हा जाते तेव्हा भरतात. आता सांगावंही लागत नाही, मी बॅग उचलली की काकू सूप घेऊन येते. आजा ऐंशीच्या पुढे गेला आहे. फोन करतो आणि सासरी गेलेल्या मुलीला विचारावं तसं विचारतो, "सुट्टी देतेत का तुले? कई येतेस?" त्या घरात मी आता खुर्चीत बसते.

खुर्सीपारच्या खोलीतून निघते तेव्हा आई दारापर्यंतही येत नाही. गॅसजवळूनच ओरडते, "पोचली का फोन कर." तिथे माझी ओटी कुणी भरत नाही, म्हणजे घर तेच असावं. माझं लग्न झालेलं नाही, ठरलेलंही नाही. पण मला माहेर आहे. आज्याने विचारलं होतं, कायमची लिहू का, आणि लिहा असं मीच म्हटलं होतं.